मदत हवी आहे: कोस्टा रिकाची पहिली फुटबॉल लीग (१९२१) आणि जुनी स्पॅनिश वर्तमानपत्रं

नमस्कार मंडळी,

कोस्टा रिकाच्या पहिल्यावहिल्या राष्ट्रीय लीगवर मराठीत सविस्तर लेख लिहायला घेतलाय. २०१४ च्या विश्वचषकात उरुग्वे आणि इटलीला हरवून हा देश उपांत्यपूर्व फेरीत पोचला, तेव्हापासून त्यांच्या फुटबॉलने मला धरून ठेवलंय. एवढ्याशा देशात हे आलं कुठून, हे शोधत गेलं की १९२१ पाशी पोचतो.

लीगची स्थापना १३ जून १९२१ ची. संघ सात: एरेदियानो, अलाहुएलेन्से, कार्ताहिनेस, ला लिबेर्ताद, हिम्नास्तिका एस्पान्योला, त्रेस रिओसचा ला उनिओन आणि हिम्नास्तिका लिमोनेन्से. पहिले सहा मध्य खोऱ्यातले, राजधानी सान होसेच्या अवतीभवतीचे. सातवा मात्र थेट कॅरिबियन किनाऱ्यावरच्या लिमोन बंदराचा. मधे डोंगर आणि जंगल, आणि त्यातून १८९० मध्ये पुरी झालेली रेल्वे. कॉफी बंदरात न्यायला बांधलेल्या आणि पुढे केळ्यांच्या व्यापारावर चाललेल्या या रेल्वेनेच लिमोनची पोरं खेळायला येत असणार. माझ्या लेखाचा जीव मला इथे दिसतो.

विजेता एरेदियानो. क्लबची स्थापना १२ जूनची, म्हणजे लीगच्या आदल्या दिवशीची! समोर १९०५ चा ला लिबेर्ताद आणि १९०६ चा कार्ताहिनेस असे जुने संघ, तरी पहिलं विजेतेपद या नव्या क्लबने नेलं, दुसऱ्या वर्षीही तेच. एलादियो रोसाबाल कोर्देरो हे संस्थापकांपैकी एक. एरेदियातल्या स्टेडियमला पुढे त्यांचंच नाव दिलं गेलं.

आता अडचण. विजेत्याचं नाव सगळीकडे मिळतं, पण मला हंगाम हवाय: कोण कुठे खेळलं, लिमोनचे सामने कुठे झाले, वेळापत्रक कसं बसवलं. शिवाय सप्टेंबरात मध्य अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त ग्वाटेमालात स्पर्धा झाली. कोस्टा रिकाने एल साल्वादोरला ७-० आणि ग्वाटेमालाला ६-० असं लोळवलं. खेळाडू याच क्लबांमधले, मग तेवढे दिवस लीग थांबवली होती का?

तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. माझं स्पॅनिश शब्दकोश हाताशी धरून वाचण्यापुरतं आहे, आणि पुसट छपाईचे बारीक स्तंभ वाचताना ते पुरत नाही. इथे स्पॅनिश शिकलेलं कोणी आहे का? कुठून सुरुवात करावी, एवढं सांगितलंत तरी खूप होईल.

प्रतिसाद १

छान विषय घेतलात. जूनपासून ओळीने पानं चाळू नका, दमून जाल. आधी सप्टेंबर गाठा. ग्वाटेमालाच्या दौऱ्याची बातमी ठळक असणार, संघातल्या खेळाडूंची नावं तिथे मिळतील. मग त्याच आडनावांवर नजर ठेवून मागे-पुढे सरका. पुसट पानावर अख्खं वाक्य लागत नाही, आडनाव मात्र लागतं. लीगचे सामने बहुधा रविवारी, तेव्हा सोमवार-मंगळवारचे अंक आधी बघा आणि शनिवारच्या अंकात पुढच्या सामन्यांची सूचना शोधा. लिमोनसाठी खेळाच्या बातम्यांपुरतं थांबू नका, रेल्वेच्या जाहिरातीही वाचा. सामन्यासाठी खास गाडी सोडली असेल तर ती तिथे सापडेल.

एक आग्रह: हंगामाचा गुणतक्ता कराल तेव्हा त्यात प्रत्येक निकालापुढे वर्तमानपत्र आणि तारीख लिहाच. दोन वर्तमानपत्रांत गोल वेगळे निघाले तर दोन्ही आकडे ठेवा.

अडलेली पानं इथे टाका, मी वाचून देते.

धागाकर्ता

मनापासून आभार, ताई! रेल्वेच्या जाहिरातींचं डोक्यातच आलं नव्हतं. आज सप्टेंबरपासून सुरू करतो. लिमोनचा उल्लेख असलेली दोन पानं आधीच उतरवून ठेवली आहेत, रात्री इथे चढवतो. त्यातला मधला स्तंभ मला अजिबात लागलेला नाही.