मदत हवी आहे: पाठनिरीक्षणात चर्चा मुलांवर कशी ठेवायची?

जिल्हा परिषदेची शाळा, आम्ही चार शिक्षक. जपानमधल्या 'जुग्यो केंक्यू' (शिक्षकांनी मिळून केलेला पाठाचा अभ्यास) पद्धतीने दोन पाठ करून पाहिले. तिथे मुरलेले शिक्षकही एकत्र बसून पाठ आखतात, मुलं काय उत्तरं देतील याचा आधीच अंदाज बांधतात; मग एकजण शिकवतो, बाकीचे मुलांचं निरीक्षण करतात. तज्ज्ञ होऊनही वर्ग इतरांसाठी उघडा ठेवायचा, हे मला फार मोलाचं वाटतं.

दुसरा पाठ चौथीच्या अपूर्णांकांचा होता. "४ मोठा, म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा" असं मुलं म्हणणार हे आम्ही आधीच लिहून ठेवलं होतं, आणि तसंच झालं! पण नंतरची चर्चा फलकलेखन, आवाज, वेळ यांवरच गेली. शिकवणाऱ्या बाईंना तपासणी झाल्यासारखं वाटलं. बैठकव्यवस्थेचा नकाशा देऊन प्रत्येकाला ठरावीक मुलं वाटून दिली, तरी नोंदी 'लक्ष होतं', 'लक्ष नव्हतं' एवढ्याच आल्या.

निरीक्षक दोनच असतात (एकजण बाकीचे वर्ग सांभाळतो), चर्चेला शाळा सुटल्यावर अर्धा तास मिळतो, चित्रीकरण करायचं नाही. बाहेरचा तज्ज्ञ मिळणं अवघड आहे.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगावं: नोंदपत्रकात नेमके कोणते प्रश्न ठेवले, आणि चर्चेत पहिलं कोण बोलतं?