मित्राच्या बोटीला सुकाणूची पिन आणि बुश बनवून द्यायचाय, मटेरियल कुठलं घेऊ?

भांडुपचा टर्नर

नमस्कार मंडळी. मी टूलरूममध्ये लेथ आणि मिलिंगवर काम करतो, त्यामुळे माप काढायचं टेन्शन नाही, पण खाऱ्या पाण्यातलं काम कधी केलेलं नाही म्हणून इथे विचारतोय. वर्सोव्याला माझा शाळेपासूनचा मित्र आहे, घरची मासेमारीची बोट, लाकडी बांधणीची, वरून फायबर मारलेली, आत डिझेल इंजिन. १ जून ते ३१ जुलै बंदी असते त्यामुळे बोट वर घेतलीय आणि जी काय डागडुजी करायची ती आत्ताच, एकदा नारळी पौर्णिमा झाली की तो बोट थांबवणार नाही.

सुकाणूच्या पात्याखाली एक पिन आहे, ४० मिमीची, वरच्या फ्लँजला चार बोल्ट, पात्यापासून सुटी निघते. ती खाली लोखंडी शूमध्ये (सुकाणूला खालून आधार देणारा भाग) पितळी बुशात, म्हणजे नळीसारख्या बेअरिंगमध्ये, फिरते. बुश काढला तर अक्षरशः हातात भुगा आला. कडेला फाइल मारून बघितलं तर वरचा थर तांब्यासारखा गुलाबी आणि सच्छिद्र, खूप आत गेल्यावर पिवळं पितळ लागलं. पिन स्टीलची आहे, एका दिशेने मोजली तर ३८.६, आडवी मोजली तर ३९.४, आणि बुशात बसते त्या भागावर बारीक बारीक खड्डे.

माझा विचार असा की पिन लेथवर धरून ३८.५ ला साफ करायची, पितळेचा नवीन बुश कातायचा आणि नेहमीसारखं एच७-जी६ फिट (मशीनमध्ये देतात ती अगदी बारीक फट) द्यायचं. शिवाय केबिनवर जीपीएसचा अँटेना आणि लाइट लावायला एक ब्रॅकेट हवाय, त्याला आमच्याकडे मोल्डमधून उरलेली अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट पडलीय ती वापरू का? त्याच्याकडून पैसे घेणार नाहीये, पण काम असं व्हायला पाहिजे की भर समुद्रात त्याला त्रास होता कामा नये, बोटीवर सहा-सात माणसं असतात.

डॉकयार्डकर

जहाजदुरुस्तीत आयुष्य गेलं माझं, त्यामुळे जरा लांबण लावतो.

तुम्ही जे गुलाबी बघितलंत ते पितळेतलं जस्त निघून गेल्याचं लक्षण. खाऱ्या पाण्यात १५ टक्क्यांच्या वर जस्त असलेल्या पितळेतून जस्त विरघळून जातं आणि मागे तांब्याचा पोकळ सांगाडा उरतो, माप तेच दिसतं, आकार तोच दिसतो, पण ताकद गेलेली असते. बाजारात लेथला मिळतं ते नेहमीचं फ्री-कटिंग पितळ ३९ टक्क्यांच्या आसपास जस्ताचं असतं, म्हणजे परत तोच बुश बनवलात तर परत तोच भुगा. पाण्याखाली पितळ वापरूच नका, दिसायला कितीही छान असलं तरी. गनमेटल घ्या, एलजी २ ग्रेड, त्यात ८५ टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५. कातायला सोपं, चिप्स बारीक तुटून पडतात, टूलला रेक (वरच्या तोंडाचा उतार) शून्य ठेवा म्हणजे टूल मटेरियलमध्ये खेचलं जाणार नाही.

आता फिटबद्दल. एच७-जी६ विसरा. ४० मिमीला त्यात ९ ते ५० मायक्रॉनची (हजार मायक्रॉन म्हणजे १ मिमी) फट येते, मशीन टूलला ते योग्य, बोटीला नाही. दोन महिने कोरड्यावर उभी असलेली लाकडी बोट परत पाण्यात गेली की फळ्या फुगतात, सगळा सांगाडा थोडा थोडा हलतो, वरचं बेअरिंग आणि खालचा बुश एका रेषेत राहतील याची कोणी हमी देऊ शकत नाही. वर आपल्या खाडीचं पाणी म्हणजे गाळ, त्यातला बारीक वाळूचा कण ५० मायक्रॉनच्या फटीत अडकला तर सुकाणू जड होणार. मोठी जहाजं तपासून दर्जा देणाऱ्या क्लास सोसायट्यांच्या नियमात धातूच्या बुशाला व्यासाच्या हजाराव्या भागात १ मिमी मिळवून तेवढी फट कमीत कमी धरतात, म्हणजे ४० च्या पिनला १.०४ आली. छोट्या बोटीला एवढी नको, ठोकायला लागेल. ०.३ ते ०.४ द्या. बुशाच्या आतून उभ्या तीन-चार खाचा पाडा, ३-४ मिमी रुंद, दोन्ही टोकांना आरपार, म्हणजे पाणी आत फिरतं आणि गाळ धुऊन बाहेर जातो. लांबी पिनच्या व्यासाच्या १.२ पटीपेक्षा कमी नको, ६० मिमी मिळत असेल तर उत्तम.

वागळे व्हीएमसी

पिनबद्दल एक गोष्ट भाऊ, कातायच्या आधी नीट बघा. ३८.६ मोजलं म्हणून ३८.५ ला साफ होईल असं नाही. सुकाणूची पिन बहुतेक वेळा एकाच बाजूने झिजते. मूळ ४० असेल आणि पूर्ण १.४ एकाच बाजूचं गेलं असेल तर सेंटरपासून त्या बाजूला १८.६ च उरलेत, म्हणजे मूळ सेंटरवर गोल करताना ३७.२ पर्यंत जावं लागेल. चकमध्ये धरा, फ्लँजच्या न झिजलेल्या भागावरून डायल गेज लावून सेंटर काढा आणि मग झिजलेल्या भागावर डायल फिरवून बघा, लगेच कळेल.

३७ ला चालणार नाही असं नाही, पात्याखालच्या पिनवर पीळ येतच नाही, पीळ वरच्या दांड्यातून पात्यात उतरतो, खाली फक्त आडवा जोर असतो. पण खड्डे पडलेत म्हणताय ना, ते ३७ ला पण जातील याची खात्री नाही, आणि एकदा पडलेला खड्डा आतून वाढत राहतो. माझं मत नवीन पिन करा. ४० चा राउंड बार मीटरला १० किलोच्या आसपास भरतो, तुम्हाला २०० मिमी लागेल म्हणजे फक्त २ किलो. फ्लँज अखंड बारमधून काढायला जाऊ नका, अर्धं मटेरियल चिप्समध्ये जाईल. ३१६एल स्टेनलेसची प्लेट घ्या, पिन पण ३१६ चीच, ती त्यात आरपार घालून दोन्ही बाजूंनी टिग वेल्डिंग मारून घ्या आणि फायनल कात वेल्डिंगच्या नंतरच, आधी नाही, वेल्डने पिन हमखास ओढली जाते. त्यासाठी बार ४२-४३ चा घेतलात तर साफ करायला मटेरियल राहील. पिन आणि फ्लँज मिळतात तिथे धारदार कोपरा नको, ३ मिमी रेडियस ठेवा, क्रॅक नेहमी तिथूनच सुरू होते.

३१६ कातताना फीड थांबवू नका, टूल नुसतं घासत राहिलं तर पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा कट टूल खातो. ड्रिलला पण तेच, दाबून चालवा, कूलंट भरपूर.

भांडुपचा टर्नर

डायल लावला. वागळेवाले दादा बरोबर होते, झीज जवळजवळ सगळी एका बाजूला आहे, ३७ ला सुद्धा दोन खड्डे राहतील असं दिसतंय. नवीन पिन फायनल.

दोन शंका. ३०४ स्टेनलेसचा बार आमच्याकडे पडलाय, तो खरंच चालणार नाही का? आणि ३१६ विकत घेतला तर तो ३१६ च आहे हे कसं ओळखायचं? एकाने सांगितलं मॅग्नेट लावून बघ. आणि मित्राचे वडील म्हणतायत की गनमेटल कशाला, नायलॉनचा बुश घाल, स्वस्तात होईल.

नागदेवीकर

मॅग्नेटने काही कळत नाही. ३०४, ३१६ आणि रेलिंगवाले वापरतात ते २०२, तिन्हीला मॅग्नेट चिकटत नाही. फरक आतल्या मॉलिब्डेनमचा, ३१६ मध्ये २ ते ३ टक्के असतो, ३०४ मध्ये जवळपास नसतोच, आणि तोच मीठवाल्या पाण्यात खड्डे पडण्यापासून वाचवतो. तुमच्या जुन्या पिनवर खड्डे बरोबर बुशाच्या आतच का पडले, तर तिथे पाणी साचून राहतं, ऑक्सिजन पोचत नाही आणि स्टेनलेसचा वरचा संरक्षक थर परत तयार होत नाही. उघड्यावर ३०४ तग धरेल, फटीत धरणार नाही. तो बार केबिनच्या आतल्या कामाला ठेवा.

ओळखायचं तर दोन मार्ग. मॉलिब्डेनम टेस्टची छोटी बाटली मिळते, थेंब टाकून बॅटरी लावायची, रंग बदलला तर ३१६. नाहीतर एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातू ओळखणारी), धातूच्या टेस्टिंग लॅबमध्ये असते, बारवर धरली की काही सेकंदात टक्केवारी येते. बार गुलालवाडीत किका स्ट्रीटला मिळेल, तुकडा कापून देणारे आहेत, टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यातला हीट नंबर (माल कुठल्या वितळणीतला ते सांगणारा) बारवर मारलेल्या नंबरशी जुळवा, न जुळणारं सर्टिफिकेट नुसता कागद आहे. बोल्ट, वॉशर नागदेवीला, बोल्टच्या डोक्यावर ए४ कोरलेलं बघून घ्या, ए२ म्हणजे ३०४. दारुखान्यात जहाजातून निघालेले शाफ्ट स्वस्तात दिसतील, पण ते टेस्ट केल्याशिवाय घेऊ नका, कुठल्या ग्रेडचे आहेत ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

डॉकयार्डकर

नायलॉनबद्दल मित्राच्या वडिलांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, उलट लोखंडी शूमध्ये प्लॅस्टिक बुशाचा एक मोठा फायदा आहे. गनमेटल, स्टेनलेस आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की लोखंड सगळ्यात आधी खाल्लं जातं, म्हणजे तुमचा बुश टिकेल आणि बुशाचं घर सैल होईल. प्लॅस्टिकने ती साखळी तुटते.

फक्त साधं नायलॉन नको. नायलॉन ६ पाणी पितं, पूर्ण भिजल्यावर वजनाच्या ९ टक्क्यांपर्यंत, आणि फुगतं. बाहेरून शूने आवळलेलं असल्यामुळे ते फुगायला जागा एकच उरते, आतलं भोक. कोरड्यात मस्त फिरणारं सुकाणू आठवड्याभराने समुद्रात जाम. असीटल घ्या, बाजारात डेलरिन म्हणून मागा, पाणी १ टक्क्याच्या आत शोषतो. फट ०.४ ठेवा, खाचा तशाच.

आणि बुश कुठलाही घाला, शूला झिंकची वडी बोल्ट करा, लोखंडाऐवजी ती खाल्ली जाते, झिंक आणि लोखंड यांच्यात रंग नको, झिंकवर तर मुळीच नको. बोटीला रंग मारणारी पोरं हमखास झिंकवर पण ब्रश फिरवतात, मग ते काहीच काम करत नाही.

मढचा नाखवा

सगळे साहेब लोक छान सांगतायत, मी चालवणाऱ्याच्या बाजूने बोलतो. आमच्याकडे ओहोटीला बोट चिखलात बसते, शू आपटतोच, कधी सुकाणूखाली दगड येतो. काहीतरी वाकणार हे धरून चाला. वाकायचं तर खालची पिन वाकू दे, झिजायचं तर बुश झिजू दे, पातं आणि वरचा दांडा वाचला पाहिजे, कारण ते करायला बोट वर ओढायला लागते आणि ऐन सीझनमध्ये बोट वर ओढली तर खलाशांचा पगार चालूच राहतो. म्हणून पिन जास्त जाड करायच्या भानगडीत पडू नका, जाड केली की मार वर जातो.

दुसरं, ते काम दोन भरतींच्या मधे किनाऱ्यावर झालं पाहिजे. गुडघाभर चिखलात, हातात एक पाना, टॉर्च धरायला एक पोरगा. चारही बोल्ट एकाच मापाचे ठेव, जो पाना इंजिनच्या पेटीत असतोच त्याच मापाचे. बुश ठोकून बसवू नको, फ्लँजवाला कर आणि खालून बोल्टने पकड, ठोकून बसवलेला बुश चिखलात निघत नाही. बोल्टला अँटी-सीझ ग्रीस लावून हाताने आवळ, स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे कोरडे आवळले तर असे जाम होतात की शेवटी कापायलाच लागतात.

वागळे व्हीएमसी

नाखवा काकांनी लाख मोलाचं सांगितलंत. टर्नर भाऊ, ब्रॅकेटचं राहिलं, ती मोल्डची प्लेट वापरू नका. मोल्डला बहुतेक ७०७५ ग्रेडची असते, तिच्यात तांबं असतं, खाऱ्या हवेत पांढरी पावडर धरून पापुद्रे सुटतात. ६०८२ किंवा ६०६१ घ्या, अ‍ॅनोडाइझ करा, आणि स्टेनलेस बोल्टच्या भोवती नायलॉनचा बुश आणि वॉशर, दोन धातू थेट टेकता कामा नयेत. इथे उघड्यावर नायलॉन चालेल, फुगला तरी काही अडत नाही.

वेल्ड केलेल्या पिनवरचा निळा-काळा रंग पिकलिंग पेस्टने काढा, नुसता बफ मारून नाही. आणि ज्या ग्राइंडिंग व्हीलने किंवा तारेच्या ब्रशने लोखंड घासलंय ते स्टेनलेसला लावू नका, लोखंडाचे कण रुततात आणि तिथून गंज दिसायला लागतो.

भांडुपचा टर्नर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी बसून लिहून देईल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय ते सांगतो. पिन ३१६, फ्लँज ३१६एल, वेल्ड करून मग ४० ला कात. बुश डेलरिनचा, फ्लँजवाला, खाचांसकट, ०.४ ची फट. बोल्ट सगळे एम१०, ए४. ब्रॅकेट ६०८२. शूला नवीन झिंक. बार आणायला शनिवारी गुलालवाडीला जातोय, एक्सआरएफ करूनच कापून घेईन.

नाखवा काका, एक विचारायचंय, स्पेअर बुश करून ठेवला तर तो बोटीवर ठेवायचा की घरी?

मढचा नाखवा

बोटीवरच. घरी ठेवलेला स्पेअर लागतो तेव्हा सापडत नाही. दोन कर, डेलरिनला असा किती खर्च येतो. आणि बुशाचं आणि पिनचं मापासकट ड्रॉइंग काढून मित्राला दे, साधं हाताने काढलेलं चालेल, लॅमिनेट करून पेटीत टाकायला सांग. तू सुट्टीवर असशील, नोकरी बदलशील, त्याला रत्नागिरीला किंवा हर्णैला अडकायला झालं तर तिथल्या लेथवाल्याला तो कागद दाखवून काम करून घेता आलं पाहिजे. फट ०.४ का ठेवलीय ते पण त्याच कागदावर लिही, नाहीतर तिथला चांगला टर्नर हौसेने टाइट फिट करून देईल.