पेशीपटल द्रवरूप आहे, तर त्यातले रेणू इतके सावकाश का सरकतात?

शिक्षिका, सोलापूर
नमस्कार. अकरावीच्या वर्गात सिंगर आणि निकोल्सन यांचे १९७२ चे फ्लुइड मोझेक मॉडेल (पेशीचे पटल म्हणजे लिपिड या मेदासारख्या रेणूंचे दोन द्रवरूप थर आणि त्यांत तरंगणारी प्रथिने) शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले की, पटल द्रवरूप असेल तर जिवंत पेशीत लिपिडचे रेणू कृत्रिम पटलातल्यापेक्षा पाच ते पन्नास पट हळू का पसरतात? मी प्रथिनांच्या गर्दीचे कारण दिले, पण ते माझे मलाच पटलेले नाही.

संशोधक विद्यार्थी
मॅडम, गर्दीपेक्षा मोठे कारण पटलाला आतून लगटून असलेली ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंची जाळी हे आहे. जपानमधील अकिहिरो कुसुमी यांच्या गटाने २००२ मध्ये लिपिडच्या रेणूला ४० नॅनोमीटरचा सोन्याचा कण जोडून सेकंदाला ४०,००० चित्रे टिपली. नेहमीच्या कॅमेऱ्याला संथ भटकणारा वाटणारा तो रेणू प्रत्यक्षात सुमारे २३० नॅनोमीटरच्या कप्प्यात कृत्रिम पटलातल्याइतक्याच वेगाने फिरत होता, आणि सरासरी ११ मिलिसेकंदांनी शेजारच्या कप्प्यात उडी घेत होता. भाताच्या खाचरात पाणी मोकळे असते, पण बांध ओलांडायला वेळ लागतो, तसेच हे आहे.

शिक्षिका, सोलापूर
परंतु सोन्याचा कण बाहेरून जोडलेला, म्हणजे तो रेणू बाहेरच्या थरातला. मग आतली जाळी त्याला कशी अडवते?

संशोधक विद्यार्थी
नेमका हाच प्रश्न कुसुमींनाही सोडवावा लागला. पटलाच्या आरपार गेलेली काही प्रथिने या जाळीला अडकून जागच्या जागी उभी राहतात आणि कुंपणाच्या मेढींसारखी दोन्ही थरांतली वाट अडवतात, असे त्यांचे म्हणणे आहे. जाळी नसलेल्या पटलाच्या फुग्यांत हा अडथळा दिसत नाही, हा मला त्यातला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो.

पेशीशास्त्राचा प्राध्यापक
एक भर घालतो. जाळी केवळ अडवत नाही, ती रेणूंना एकत्रही आणते. आयआयटी मुंबईत रसायनशास्त्र शिकलेले सत्यजित मेयर आणि भौतिकशास्त्रज्ञ मदन राव यांनी बंगळुरूमध्ये दाखवले की, मायोसिन हे प्रथिन ॲक्टिनचे आखूड तंतू ओढते आणि त्यातून पटलावरील काही प्रथिनांचे अवघ्या दोन-चार रेणूंचे पुंजके सतत बनत व विरत राहतात. हे पुंजके सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याहून लहान असल्यामुळे ते थेट दिसत नाहीत. शेजारी रेणू एकमेकांना प्रकाशऊर्जा देतात तेव्हा प्रकाशाच्या ध्रुवीकरणात होणाऱ्या घटीवरून ते ओळखले गेले. म्हणून विद्यार्थिनीला 'द्रवरूप' या शब्दाबरोबर खालची जाळीही फळ्यावर काढून दाखवावी, आणि ती सतत हलणारी आहे हेही सांगावे.