वॉर्डमधले थ्रिलर आता बघवत नाहीत, कुणाला असं झालंय का?

मधुमालती:
मला सायकॉलॉजिकल थ्रिलर प्रचंड आवडतात, म्हणजे आवडायचे. मेंटल हॉस्पिटलमधले तर जास्तच, ते लांब कॉरिडॉर, कुलपं, कोण खरं बोलतंय तेच कळत नाही वगैरे. शटर आयलंड तीनदा पाहिलाय. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला ॲडमिट करावं लागलं. जेवण सुटलेलं, बोलणं बंद, एका जागी तासन् तास बसून राहायचा, हातात पाण्याचा पेला दिला तर तसाच धरून ठेवायचा. डॉक्टर म्हणाले ईसीटी, म्हणजे विजेचा शॉक, देऊया, याला लवकर फरक पडेल. आई म्हणाली शॉक नाही म्हणजे नाही. का तर सिनेमात बघितलंय, चार जण धरतात, माणूस तडफडतो आणि नंतर नुसता शून्यात बघत बसतो. आणि मी आईशी भांडले नाही कारण माझ्याही डोक्यात तेच चित्र होतं, हे मला आजपण खूप लागतं. त्यात अठरा दिवस गेले. नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागलं त्याला. शेवटी काकांनी आईला समजावलं, आणि चौथ्या ईसीटीनंतर तो मला म्हणाला, "ताई, चहा आहे का?"

तेव्हापासून असा सिनेमा लावला की पंधरा मिनिटांत बंद करते. मला विचारायचंय की हे सिनेमे खरंच इतके चुकीचे आहेत का, की मीच आता फार हळवी झालेय? आणि वॉर्ड आहे पण आजार हा नुसता शेवटचा धक्का द्यायला वापरलेला नाही असं काही आहे का बघण्यासारखं?

रात्रपाळी:
भाऊ बोलायला लागला हे वाचून खूप बरं वाटलं. हळव्या वगैरे नाही झालात हो.

मी या प्रकारच्या सिनेमांचा पक्का फॅन आहे म्हणून शटर आयलंडची बाजू थोडी मांडतो, पुढे शेवट फुटलाय, न पाहिलेल्यांनी वाचू नका. तो १९५४ मध्ये घडतो आणि ते साल विचार करून घेतलंय. लोबोटॉमीसाठी, म्हणजे मेंदूच्या ऑपरेशनसाठी, मोनिझ नावाच्या डॉक्टरला १९४९ मध्ये नोबेल मिळालं होतं, आणि १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन हे मानसिक आजारावरचं औषध पेशंटना द्यायला लागले होते, म्हणजे मेंदू कापायचा की औषध द्यायचं की पेशंटशी बोलत राहायचं हा वाद त्या काळात खराच होता आणि सिनेमातले डॉक्टर तोच वाद घालतात. पण मला त्यातलं सगळ्यात भीतीदायक काय वाटतं सांगू, ते हॉस्पिटलचं बेट नाही, तो हिरोचा तळ्याकाठचा बंगला. त्याची बायको सांगत होती की माझ्या डोक्यात किडा फिरतोय, तिने घराला आग लावली, तरी त्याने तिला डॉक्टरकडे नेलं नाही, घर बदललं फक्त. मग तिनेच तीन मुलांना तळ्यात बुडवलं. आपण सगळे बेटावरच्या दीपगृहात काय चाललंय त्याचीच चर्चा करतो आणि हे कुणीच बोलत नाही.

निळी_शाई:
मी सायकियाट्रीत काम करते. ताई, तुमच्या आईसारखे नातेवाईक मला दर आठवड्याला भेटतात आणि मला त्यांचा राग येत नाही, कारण त्यांनी जे पाहिलंय ते पडद्यावर खरं दिसतं. वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट (१९७५) तर ओरेगनमधल्या खऱ्याखुऱ्या हॉस्पिटलात शूट झाला, त्यातल्या डॉक्टरचं काम तिथल्याच सुपरिंटेंडंटने केलं. बंडखोर पेशंटला शिक्षा म्हणून भूल न देता शॉक, हे चित्र तिथून जे डोक्यात बसलं ते आपल्या हिंदी सिनेमानेही वर्षानुवर्षं वापरलं.

आता ईसीटी कशी देतात ते लिहिते. सकाळी उपाशीपोटी, भूलतज्ज्ञ हजर, भूल आणि स्नायू सैल करायचं इंजेक्शन, दातांमध्ये गार्ड, करंट काही सेकंद. त्याने येणारा फिटचा झटका साधारण मिनिटभराच्या आत संपतो आणि अंगावर जेमतेम दिसतो, कधी कधी फक्त पायाची बोटं हलतात. भूल न देता ईसीटी द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदीच आहे, पेशंटला साखळीने बांधायलाही. तुमच्या भावासारखं बोलणं, हालचाल, खाणंपिणं सगळंच थांबतं तेव्हा ईसीटी बऱ्याचदा खूप पटकन काम करते, आणि अशा वेळी अठरा दिवस म्हणजे फार होतात हो.

परतीचा_पाऊस:
मी स्वतः पाच आठवडे वॉर्डमध्ये होतो. तिथे किंचाळ्या वगैरे काही नव्हतं, कंटाळा होता. पायजम्याची नाडी काढून घेतात, गोळी गिळली का ते सिस्टर तोंड उघडायला लावून बघतात, कॅरमची राणी हरवलेली म्हणून आम्ही तिच्याजागी बाटलीचं झाकण ठेवून खेळायचो. शेजारच्या बेडवरचे काका रोज मला अर्धी पोळी द्यायचे.

मला या सिनेमांचा त्रास वेगळाच आहे. शेवटी कळतं की हे सगळं त्याच्या मनातच होतं, आणि थिएटरात लोक टाळ्या वाजवतात. डिस्चार्जनंतर माझ्या घरमालकाने डिपॉझिटमधले पैसे कारण नसताना कापले, मी घरी सांगितलं तर पहिला प्रश्न काय, "गोळ्या घेतोयस ना?" पावती दाखवली तेव्हा पटलं. माझं प्रत्येक म्हणणं आता पावतीसकट लागतं. हे कुठल्या थ्रिलरमध्ये दाखवलं तर मी पहिल्या दिवशी बघेन.

रात्रपाळी:
हे वाचून गप्पच झालो. मधुमालती, थ्रिलर नाही पण देवराई बघा, २००४ चा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण. तुम्हाला जड जाईल कदाचित, पण त्यात आजार हे कोडं नाहीये.

मधुमालती:
सगळ्यांचे मनापासून आभार. परतीचा_पाऊस, तुमचं वाचून रडले, कारण मीसुद्धा भावाला हेच विचारते, परवाच विचारलं. आता नाही विचारणार. देवराई आईला घेऊन बघते.

निळी_शाई, एक विचारू का? त्याला ॲडमिट होतानाचे दिवस अजिबात आठवत नाहीत, आम्ही शॉकला नाही म्हणत होतो ते पण नाही. ते येईल का परत?

निळी_शाई:
ईसीटीच्या आसपासचं काही कायमचं जाऊ शकतं, आणि तो खूप आजारी होता तेव्हाचं तर बऱ्याचदा आजारामुळेच नीट साठलेलं नसतं. दोन वर्षं झालीत, त्यामुळे ते परत येईल असं नाही सांगता येणार. त्याला जाणून घ्यायचं असेल तर तुम्ही सांगा, त्याने विचारलं की.