एमटेकचा सॉफ्टवेअर आर्किटेक्चर पेपर: वाचताना पटतं, पुस्तक मिटलं की उडतं

सांगलीची_पोर
नमस्कार मंडळी. पुण्यात एमटेक कॉम्प्युटर करतेय, दुसरं सेमिस्टर. ॲडव्हान्स्ड सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा पेपर आहे आणि त्यात निम्मं आर्किटेक्चर, म्हणजे सिस्टिमचे भाग कसे पाडायचे आणि कसे जोडायचे. अल्गोरिदम मला जमतात, तिथे गणित सुटलं की सुटलं. इथे मॉडिफायेबिलिटी (बदल करणं किती सोपं), ॲव्हेलेबिलिटी (सिस्टिम किती वेळ चालू राहते), ४+१ व्ह्यूज (एकच सिस्टिम वेगवेगळ्या बाजूंनी दाखवणाऱ्या आकृत्या)... सगळं गुळगुळीत. मिनी प्रोजेक्ट अभ्यासिकेतल्या जागा बुक करण्याचा आहे आणि आर्किटेक्चर 'जस्टिफाय' करायचंय. आमच्या ग्रुपचं उत्तर आजपर्यंत एवढंच: मायक्रोसर्व्हिसेस (एका सिस्टिमऐवजी बरेच छोटे, स्वतंत्र चालणारे प्रोग्राम), कारण नेटफ्लिक्स वापरतं. सर नुसते हसले आणि म्हणाले, "बरं, पुढे?" सुरुवात कुठून करू?

जुनं_खोड
पुस्तक बाजूला ठेव आणि प्रोग्रामचे मॉड्यूल, म्हणजे सुटे भाग, कसे पाडावेत यावरचा डेव्हिड पार्नस या संगणकशास्त्रज्ञाचा १९७२चा रिसर्च पेपर काढ. 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या संगणकशास्त्राच्या मासिकात आला होता, अवघी सहा पानं. उदाहरण अगदी पोरखेळ वाटेल असं. ओळी घ्यायच्या, प्रत्येक ओळीचा पहिला शब्द उचलून शेवटी टाकत तिची सगळी फिरवलेली रूपं काढायची आणि सगळा ढीग अकारविल्हे लावायचा. 'आधी पोटोबा मग विठोबा' दिलंस तर चार ओळी निघतात: आधी पोटोबा मग विठोबा, पोटोबा मग विठोबा आधी, मग विठोबा आधी पोटोबा, विठोबा आधी पोटोबा मग. (ही म्हण मुळातच अकारविल्हे आहे, तेव्हा टेस्टिंगला दुसरी घे. सॉर्ट बंद असला तरी पास होईल.)

पार्नस हाच प्रोग्राम दोन तऱ्हांनी तोडतो. पहिली तऱ्हा पायऱ्यांची: वाचा, फिरवा, लावा, छापा. आपण सगळे असंच तोडतो. त्यात ओळी मेमरीत कशा मांडल्यात हे जवळपास प्रत्येक मॉड्यूलला ठाऊक असावं लागतं. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक मॉड्यूल एकेक निर्णय स्वतःच्या पोटात ठेवतं. साठवण कशी आहे ते फक्त साठवणाऱ्याला माहीत. बाकीचे त्याला 'तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर दे' एवढंच म्हणतात. आउटपुट दोन्हींचं तेच.

आता दोन्ही लिही, मराठी मजकुरासाठी, हव्या त्या भाषेत. मग स्वतःच क्लायंट हो आणि बदल माग. पहिला: ओळी मेमरीत मावत नाहीत, डिस्कवर न्या. पहिल्या तऱ्हेत किती फायली उघडाव्या लागतात ते बघ, दुसरीत एकच. दुसरा बदल माझा लाडका: क्रम शाळेतल्या वर्णमालेचा हवा. कॉम्प्युटरमध्ये अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने ळ ला ल आणि व यांच्या मध्ये बसवलंय, आपल्याकडे तो ह नंतर येतो. त्यामुळे साध्या सॉर्टमध्ये 'काळजी' आधी आणि 'कावळा' नंतर, वर्णमालेप्रमाणे उलट. गंमत म्हणजे हा बदल दोन्ही तऱ्हांत एकाच मॉड्यूलमध्ये उरकतो. का उरकतो ते चार ओळींत लिहून सरांना दाखव. पहिली तऱ्हा सरसकट वाईट नाही. कुठल्या बदलाला वाईट, हे सांगता यायला हवं. मॉडिफायेबिलिटीवर पेपरात याहून जास्त काही विचारत नाहीत.

रात्रपाळीवाली
खोडकाका, पेपर उत्तम आहे, पण तिचा प्रोजेक्ट बुकिंगचा आहे हो! तिथे पहिला प्रश्न गर्दीचा. सांगलीकर, 'सिस्टिम फास्ट हवी' असं वाक्य रिपोर्टमध्ये दिसता कामा नये. सिनारिओ लिही: परीक्षेआधीचा आठवडा, बुकिंग उघडताच दोघींनी एकाच खुर्चीवर एकाच क्षणी क्लिक केलं, खुर्ची एकीलाच मिळाली आणि दुसरीला अमुक सेकंदांत 'गेली' असं कळलं. सेकंद तुम्ही ठरवा, पण आकडा हवाच. आकडा आला की निर्णय आपोआप सुटे होतात. रिकाम्या जागांची यादी कॅशमधून (आधीच काढून ठेवलेल्या प्रतीतून) थोडी शिळी दिली तरी चालते, जागा देण्याचं काम मात्र एकाच ठिकाणी, ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे पूर्ण होईल नाहीतर अजिबात होणार नाही अशा पद्धतीने.

शिवाय सगळं कोडनेच सोडवायचं नसतं. साइटवरचा ताण फोडायला रेल्वेने २०१५मध्ये तत्काळच्या वेळा वेगळ्या केल्या, एसी १० वाजता, नॉन-एसी ११ वाजता. तुम्हीही मजल्यांप्रमाणे वेळा वेगळ्या ठेवू शकता.

आणि नेटफ्लिक्सचं नाव काढू नका. मेल्विन कॉनवे या प्रोग्रामरने १९६८मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेतली माणसं जशी एकमेकांशी बोलतात, तशीच त्यांची सिस्टिम घडते. एका हॉस्टेलच्या खोलीत बसणाऱ्या ग्रुपला डझनभर सर्व्हिसेस कशाला? त्या सर्व्हरवर चढवता चढवताच सेमिस्टर संपेल.

सांगलीची_पोर
खूप आभार, काका आणि ताई. 'गेली' कळायला २ सेकंद धरलेत. ग्रुपमध्ये यावरून तासभर भांडण झालं, म्हणजे काहीतरी बरोबर चाललंय. एकाच ॲपवर, एकाच डेटाबेसवर आलोय. पण हे सगळं रिपोर्टमध्ये मांडायचं कसं? आणि पेपरात १० मार्कांना आकृतीच काढायला सांगतात.

जुनं_खोड
प्रत्येक निर्णयाला अर्धं पान. मायकेल नायगार्ड या सॉफ्टवेअरवाल्याने २०११मध्ये सुचवलेला साचा वापर: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, ते पक्कं की प्रस्तावित, आणि त्याचे बरे-वाईट परिणाम. वाईट परिणाम गाळलेस तर परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतील. आकृतीत प्रत्येक बाणावर लिही, तो कॉल आहे की नुसता डेटा जातोय. बिननावाचे बाण बघून माझं तरी डोकं फिरतं.

रात्रपाळीवाली
आणि डेटाबेस पडला तर काय, हे व्हायव्हात विचारतीलच. त्याचं अर्धं पान आजच लिही.