'सम लाइक इट हॉट'चं श्रेय मर्लिन मन्रोला का देत नाही कुणी?

रीळवेडा:
'सम लाइक इट हॉट' (१९५९) बद्दल कुठेही वाचा, मन्रोचा विषय निघाला की तेच ते. सेटवर उशिरा यायची, वाक्यं विसरायची, 'इट्स मी, शुगर' एवढ्याशा वाक्याला चाळीसच्या वर टेक घेतले. आणि कौतुक कोणाचं? दिग्दर्शक बिली वाइल्डर, आणि हिरो जॅक लेमन, टोनी कर्टिस. मला हे अजिबात पटत नाही.

गोष्ट काय आहे, तर १९२९ चं शिकागो, दोन बँडवाले (लेमन आणि कर्टिस) एक हत्याकांड डोळ्यांनी बघतात आणि गुंडांपासून जीव वाचवायला बायकांचे कपडे घालून बायकांच्या बँडसोबत फ्लोरिडाला पळतात. हे सोंग आपल्याला चालतं कारण त्या बँडमधल्या शुगरला, म्हणजे मन्रोला, ते खरं वाटतं! रात्री ट्रेनमध्ये ती लेमनच्या बर्थवर चढते आणि मैत्रिणीशी बोलावं तशी मनातलं बोलते, चेहऱ्यावर संशयाचा मागमूस नाही. तिने तिथे जरा जरी 'बघा, मी विनोद करतेय' असं दाखवलं असतं तर तो सीन पडलाच असता. आणि शूटिंग चालू असताना ती गरोदर होती, ते संपल्यावर थोड्याच दिवसांत बाळ गेलं, टेक मोजणाऱ्यांनी हेही सांगावं की.

पानसुपारी:
सहानुभूती वेगळी, श्रेय वेगळं. तिच्या एकेका टेकसाठी बाकीचे दोघं उंच टाचांच्या सँडल घालून ताटकळत उभे असायचे. कर्टिसची तक्रारच होती की आपण पहिल्या काही टेकमध्ये चांगलं करायचो, पण पडद्यावर यायचा तो टेक जो तिचा चांगला झाला, तोवर आपण दमलेले. तरी हे दोघं पडद्यावर टवटवीत दिसतात, त्याला अभिनय म्हणतात.

आणि खरा हिरो म्हणजे स्क्रिप्ट. मूळ कल्पना आधीच्या एका फ्रेंच आणि मग जर्मन पिक्चरची, त्यात बायकांचं सोंग फक्त कामासाठी. वाइल्डर आणि आय. ए. एल. डायमंडने त्यात गुंड घातले, म्हणजे सोंग उतरलं की जीवच जाणार. या एका बदलावर सगळा पिक्चर उभा आहे. शुगरच्या जागी दुसरी चांगली नटी असती तरी चालला असता.

रीळवेडा:
नसता चालला, त्याचा पुरावा आपल्याकडेच आहे. 'रफू चक्कर' (१९७५) ची गोष्ट हीच, ऋषी कपूर आणि पेंटल बायकांच्या वेशात. स्क्रिप्टचा सांगाडा तोच ना, मग 'सम लाइक इट हॉट'सारखी जादू का नाही झाली?

माजघर:
मध्येच बोलते. 'अशी ही बनवाबनवी' पण यावरूनच घेतलाय ना? तिथे तर सगळा हशा सचिन आणि लक्ष्याच्या साड्यांवर, हिरॉइनवर काहीच अवलंबून नाही, म्हणजे पानसुपारींचा मुद्दा बरोबर.

पानसुपारी:
नाही हो ताई, बनवाबनवी (१९८८) 'बीवी और मकान' (१९६६) वरून आहे. पण मुद्दा पकडलात. लेमनचा मराकसचा सीन बघा, रात्रभर टँगो नाचून आलेला, कॉटवर पडून खुळखुळे वाजवतोय आणि आपली एंगेजमेंट झाल्याचं सांगतोय. ते खुळखुळे वाइल्डरने मुद्दाम दिले, कारण थिएटरात हशा एवढा होणार की पुढचं वाक्य बुडालं असतं, म्हणून प्रत्येक वाक्यानंतर लेमन वाजवत नाचून घेतो. त्या सीनमध्ये मन्रो नाहीये!

रीळवेडा:
तो सीन ग्रेटच आहे, वादच नाही. पण वाइल्डर तिच्यासोबत 'द सेव्हन इयर इच' (१९५५) करून बसला होता, तिचा सगळा त्रास त्याला माहीत होता, तरी परत तिलाच घेतली. तिच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पिक्चर कलर हवा असं होतं, पण कलर टेस्टमध्ये पुरुषांचा मेकअप हिरवट दिसला म्हणून ब्लॅक अँड व्हाइटला ती राजी झाली. आणि कॉरोनाडोच्या बीचवर, जवळच्या नेव्हीच्या तळावरून दर थोड्या वेळाने विमानं उडत असताना, कर्टिससोबतचा लांबलचक संवाद तिने झटक्यात ओके केला, हे वाइल्डरनेच सांगितलंय. म्हणजे वाक्यं पाठच होत नव्हती असं नाही.

६ ऑस्कर नॉमिनेशन्स, त्यात लेमन आहे, वाइल्डर आहे, स्क्रिप्ट आहे, जिंकले फक्त कपडे, आणि मन्रोला साधं नॉमिनेशनही नाही. गोल्डन ग्लोब मात्र तिला मिळालं. नंतरची इतकी वर्षं लोक तिच्याबद्दल सांगतात काय, तर टेकचे आकडे.

पानसुपारी:
नॉमिनेशन मिळायला हवं होतं, हे मान्य. लेमनच्या वर मात्र नाही ठेवणार तिला.