बोर्डवरचा पहिला टाका

विणकामाच्या दोन फळ्यांच्या बोर्डवर, म्हणजे समोरासमोर खुंट्यांच्या दोन रांगा असलेल्या चौकटीवर, पहिल्याच ओळीत लोकर गुंतते आणि कडा सैल पडतात, अशी एका नवशिक्याची अडचण आहे. टाका बहुतेक बरोबरच आहे, पण लोकर घट्ट ओढली जात असावी. माझंही पहिलं मफलर असंच वाया गेलं. आकडी फासाखाली शिरतच नव्हती!

साध्या सुलट टाक्यासाठी वरची पहिली खुंटी, खालची दुसरी, वरची तिसरी, खालची चौथी असं नागमोडी जायचं. शेवटच्या खुंटीवरून समोरच्या खुंटीवर वळायचं आणि येताना रिकाम्या राहिलेल्या खुंट्या भरायच्या. मग फासांवर, दोन फळ्यांच्या मधोमध, वेगळ्या रंगाचा लांब दोरा आडवा टाकून त्याची टोकं खाली सोडायची. हा दोरा विसरू नका, सुरुवातीला विणकाम खाली ओढायला तोच उपयोगी पडतो. पुन्हा तसंच गुंडाळलं की प्रत्येक खुंटीवर दोन फास होतात. खालचा फास आकडीने उचलून वरच्यावरून पलीकडे टाकायचा. झाली ओळ.

ही वीण दोन्ही बाजूंनी सुलटच दिसते, त्यामुळे कापडाची गुंडाळी होत नाही. एकाच फळीवर नुसतं सुलट विणलं तर मात्र कडा वळतातच.

आठच्या आकड्यासारखं गुंडाळणं नंतर शिका. आधी वीस ओळी याच टाक्याच्या, लोकर बोटांतून आपोआप सरकेल इतक्या ढिल्या हाताने.